वळिवड्याचा नाताळ

डिसेंबर महिना सरत आला कीं अमेरिकेंत घरोघरीं आणि दुकानोदुकानीं जीं गाणीं वाजूं लागतात, त्यांतील पुष्कळशीं १९४० ते १९६० या वीस वर्षांतलीं आहेत. लाल झगा घातलेला, गुबगुबीत गालांचा जो सांताक्लॉज आज जगभर ओळखला जातो, त्याचें रूपहि हॅडन संडब्लम या चित्रकारानें १९३१ पासून कोकाकोलाच्या जाहिरातींसाठीं काढलेल्या चित्रांनीं लोकांच्या मनांत पक्कें बसविलें. लाल नाकाचा रुडॉल्फ हा सांबर १९३९ सालीं मॉन्टगोमेरी वॉर्ड या व्यापारी पेढीनें गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वांटलेल्या एका पुस्तिकेंत जन्मास आला. ज्या चित्रपटांवांचून तेथील कित्येक कुटुंबांचा नाताळ पुरा होत नाहीं, त्यांतले दोन फार लाडके चित्रपट १९४६ आणि १९४७ सालचे आहेत. सदैव पुढें पाहणारें म्हणून गाजलेलें एक राष्ट्र वर्षांतून एकदां मान वळवून मागें पाहतें, आणि दर वर्षीं बहुधा त्याच एका कालखंडाकडे पाहतें. ज्यांचा जन्म त्या काळानंतर झाला, तीं माणसेंहि त्याच्यासाठीं हळहळतात.

ही हळहळ नेमकी कशाची, याचें उत्तर शोधण्यासाठीं कोल्हापूरकरांस समुद्रापार जाण्याचें कारण नाहीं. त्याच दशकांत, शहराच्या पूर्वेस दोन-अडीच कोसांवर, वळिवडे गांवाजवळ, सुमारें पांच हजार परदेशी माणसांनीं घरापासून हजारों मैल दूर असतांना नाताळ साजरे केले. त्यांचा वृत्तांत समजून घेतला म्हणजे अमेरिकेच्या त्या प्रसिद्ध ओढीचाहि उलगडा होतो.

गतकालाच्या या ओढीस इंग्रजींत 'नॉस्टाल्जिया' म्हणतात. मराठींत 'स्मरणरंजन' हा शब्द आतां रूढ झाला आहे. दोहोंत एक लक्षांत घेण्याजोगा फरक आहे. मराठी शब्दांत रंजन आहे. मूळ शब्दांत वेदना आहे. १६८८ सालीं योहान्नेस होफर या स्विस वैद्यानें बाझल येथें लिहिलेल्या प्रबंधांत, 'घरीं परतणें' आणि 'दुःख' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो प्रथम बनविला. त्याच्या मतें हा एक रोगच होता. मायभूमीपासून दूर राहणारीं तरुण माणसें खंगत, त्यांची झोंप आणि भूक जाई, आणि त्यांस घरीं पाठविणें हाच त्यावर खात्रीचा उपाय होता. म्हणजे मूळची ओढ स्थलाची होती, कालाची नव्हती. आणि स्थलाकडे परत जातां येतें. पुढें या शब्दाचा अर्थ हळूहळू पालटला. ज्या गांवीं परतावयाचें तें गांव जागच्या जागीं असलें तरी तेथील बालपण संपलेलें असतें, हें माणसास उमगलें, आणि स्थलाची ओढ ही कालाची ओढ बनली. या नव्या रोगावर मात्र घरीं पाठविण्याचा उपाय चालत नाहीं.

अमेरिकन नाताळचें सर्वांत गाजलेलें गाणें याची साक्ष देतें. 'व्हाइट ख्रिसमस' हें गीत रचणारे आयर्विंग बर्लिन १८८८ सालीं रशियन साम्राज्यांतील एका ज्यू कुटुंबांत जन्मले आणि पांच वर्षांचे असतांना अमेरिकेस आले. नाताळ हा त्यांच्या धर्माचा सण नव्हे. शिवाय १९२८ सालीं, नेमक्या नाताळच्या दिवशींच, त्यांचा तान्हा मुलगा दगावला होता. त्यांनीं लिहिलेलें गाणें बर्फाळ नाताळच्या आनंदाचें वर्णन करीत नाहीं. असा नाताळ पूर्वीं कधीं तरी होता आणि तो आतां केवळ स्वप्नांत दिसतो, असा त्याचा भाव आहे. त्याच्या मूळच्या प्रारंभीं गाणारा मनुष्य कॅलिफोर्नियाच्या उन्हांत, ताडामाडांच्या सावलींत उभा आहे. गाण्याचा हा भाग पुढें बहुधा गाळलाच जातो.

बिंग क्रॉस्बी यांनीं हें गीत २५ डिसेंबर १९४१ रोजीं नभोवाणीवर गाइलें. पर्ल हार्बरवरील हल्ल्यास तेव्हां अवघे अठरा दिवस झाले होते. पुढच्या वर्षीं तें 'हॉलिडे इन' या चित्रपटांत आलें आणि त्याच्या ध्वनिमुद्रिका घरोघरीं पोहोंचल्या. पॅसिफिक महासागरांतील बेटांवर घामानें निथळणाऱ्या शिपायांकडून या एका गाण्याची मागणी सैनिकांच्या नभोवाणीकडे सारखी येऊं लागली. १९४३ सालीं क्रॉस्बी यांनीं गाइलेलें दुसरें प्रसिद्ध गीत तर नाताळसाठीं घरीं येण्याचें वचन देणाऱ्या शिपायाच्या पत्राच्या रूपांतच आहे. आज ज्या काळाकडे अमेरिकन मनुष्य सुखाचा काळ म्हणून पाहतो, त्या काळचीं गाणीं अशीं आहेत. तो काळ स्वतःच मागें वळून पाहत होता.

कोल्हापुरास त्या वेळीं नाताळ हा सण नवा नव्हता. नाताळ हा शब्दच मुळीं पोर्तुगीज भाषेंतून मराठींत आलेला; आणि कोल्हापुरांत अमेरिकन मिशनरी १८५२ पासून होते. त्या वर्षीं रॉयल गूल्ड वाइल्डर हे येथें आले, आणि पुढें अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या शाळा, देवळें व मिरजेचें मोठें रुग्णालय यांच्या द्वारां या भागांतील मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा नाताळ मराठी भाषेंत आणि मराठी वळणानें रुजला. परंतु १९४३ च्या उन्हाळ्यानंतर मिरज-कोल्हापूर लोहमार्गानें जीं माणसें येऊं लागलीं, तीं धर्मप्रसारासाठीं आलीं नव्हतीं, कीं राज्यकारभारासाठींहि नव्हे. तीं निर्वासित पोलिश माणसें होतीं; त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुलें आणि वृद्ध होते.

त्यांची हकीकत थोडक्यांत अशी. १९३९ च्या सप्टेंबरांत पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनें आणि पूर्वेकडून सोव्हिएट रशियानें चाल केली. पूर्व पोलंडमधील लाखों लोकांस १९४० च्या फेब्रुवारीपासून पुढें सोव्हिएट अधिकाऱ्यांनीं आगगाडींत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशिया यांकडे हद्दपार केलें. तेथें थंडीनें, उपासमारीनें व रोगांनीं असंख्य माणसें मेलीं. १९४१ सालीं हिटलरनें रशियावर हल्ला केल्यावर सोव्हिएट आणि पोलिश सरकारांत करार झाला व या कैद्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखालीं पोलिश सैन्य उभें राहिलें, आणि १९४२ सालीं हें सैन्य व त्याच्या आश्रयास आलेले हजारों नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत उतरले. पुरुष लढाईवर गेले. बायकामुलांसाठीं निवारा शोधणें भाग होतें. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं जामनगरजवळ बालाचडी येथें शेंकडों अनाथ मुलांस आसरा दिला; आणि कुटुंबांसाठींची सर्वांत मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानांत, पंचगंगेकांठच्या वळिवड्यास उभी राहिली.

ही वसाहत म्हणजे एक छोटें पोलंडच होतें. लांबच लांब बराकींच्या रांगा, त्यांतून प्रत्येक कुटुंबास राहण्याच्या खोल्या व स्वैपाकाची जागा, प्राथमिक व माध्यमिक शाळा, रुग्णालय, प्रार्थनामंदिर, नाटकांसाठीं रंगमंच आणि मुलांचीं बालवीर पथकें असें सर्व कांहीं तेथें होतें. शिक्षण पोलिश भाषेंत होई, आणि खर्च लंडन येथील निर्वासित पोलिश सरकार करी. आदल्या दोन वर्षांत भाकरीच्या तुकड्यासाठीं मोताद झालेल्या मुलांस येथें पोटभर अन्न मिळालें, अंगाला ऊब मिळाली आणि हातीं पाटीपुस्तक आलें.

पोलिश लोकांचा नाताळ मुख्यतः २४ डिसेंबरच्या सायंकाळीं होतो. आकाशांत पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवावयास बसावयाचें नाहीं, अशी रीत आहे. टेबलावरील चादरीखालीं थोडें वाळलेलें गवत पसरतात; कारण येशूचा जन्म गोठ्यांत झाला. जेवणांत मांस वर्ज्य असतें, आणि पारंपरिक पदार्थ बारा. जेवण्यापूर्वीं बिनखमिराची, पापडासारखी पातळ पोळी हातांत घेऊन प्रत्येकजण दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडतो व त्यास शुभ चिंततो; मागचें भांडण असेल तर तें तेथेंच मिटवावयाचें. संक्रांतीस तिळगूळ देतांना मराठी मनुष्य जें मनांत आणतो, त्याहून हें निराळें नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, घरांत जितकीं माणसें असतील त्यांहून एक पान जास्त मांडतात. तें अवचित दारीं येणाऱ्या पाहुण्यासाठीं असतें. आणि घरांतलें जें माणूस त्या दिवशीं हजर नाहीं त्याची आठवणहि तेंच पान करून देतें.

वळिवड्यास डिसेंबरांत बर्फ कोठलें पडणार! त्या दिवसांत कोल्हापूरच्या आसमंतांत ऊंसाचीं गुऱ्हाळें पेटलेलीं असतात, दुपारचें ऊन चटका देतें आणि रात्रीं जेमतेम गारवा असतो. परंतु पहिली चांदणी वळिवड्यावरहि उगवते, आणि एक पान जास्त मांडण्यास बर्फ लागत नाहीं. मात्र या पानाचा अर्थ तेथें अधिक खोल झाला असला पाहिजे. छावणींतील बहुतेक कुटुंबांत कोणी ना कोणी उणें होतें. कोणाचा बाप अँडर्सच्या सैन्यांत इटलींत लढत होता, कोणाचा भाऊ १९४४ च्या मे महिन्यांत मोंते कासिनोच्या टेंकडीवर पडला होता, कोणाची आई सैबेरियांतल्या बर्फाखालीं पुरलेली होती. पॅसिफिकमधील अमेरिकन शिपायास बर्फ म्हणजे घर वाटे. वळिवड्यांतील मुलांच्या आठवणींत बर्फ दोन प्रकारचें होतें: एक घरच्या नाताळचें आणि दुसरें हद्दपारीचें.

येथें आणखी एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. अमेरिकन शिपाई १९४५ नंतर घरीं परतला आणि त्याचें घर जागेवर होतें. पोलिश निर्वासितांच्या बाबतींत तसें झालें नाहीं. १९४५ च्या फेब्रुवारींत याल्टा येथें ठरलेल्या सीमेप्रमाणें पूर्व पोलंड सोव्हिएट रशियाकडे गेला. त्याच वर्षीं जुलैंत ब्रिटन आणि अमेरिका यांनीं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणींतल्या पुष्कळ माणसांचें गांव होतें तेथेंच राहिलें, पण देश त्याच्यावरून सरकून गेला. होफर वैद्याचा उपाय, म्हणजे रोग्यास घरीं पाठविणें, या माणसांसाठीं उरलाच नाहीं. १९४७-४८ मध्यें वसाहत मोडली. कांहीं कुटुंबें पोलंडांत गेलीं; पुष्कळशीं, सैन्यांतील आप्तांच्या पाठोपाठ, इंग्लंडला गेलीं; तेथून कोणी अमेरिकेंत, कोणी कानडांत, कोणी ऑस्ट्रेलियांत पांगले.

याच्या पुढची गोष्ट सर्वांत नवलाची आहे. जीं मुलें वळिवड्यांत पोलंडसाठीं झुरणाऱ्या आयांच्या मांडीवर वाढलीं, तीं मोठेपणीं वळिवड्यासाठीं झुरूं लागलीं. लंडनमध्यें त्यांनीं भारतांत राहिलेल्या पोलिश लोकांची संघटना उभारली आणि आपल्या आठवणींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानांत त्यांच्या कृतज्ञतेचा स्मारकस्तंभ उभा आहे. २०१९ च्या सप्टेंबरांत, ऐंशींच्या घरांत पोहोंचलेलीं त्यांतलीं कांहीं माणसें पुन्हां कोल्हापुरास येऊन गेलीं. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेंहि कोल्हापूरचें नांव कोरलेलें स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें पुष्पांजलि वाहिली.

असें कां व्हावें, याचें कांहीं उत्तर मानसशास्त्र देतें. उतारवयांतल्या माणसांस आयुष्यांतील आठवणी सांगावयास लावल्या तर सुमारें दहा ते तीस या वयांतील आठवणी प्रमाणाबाहेर अधिक निघतात, असें अभ्यासकांस वारंवार आढळलें आहे. सण ही आठवण जपून ठेवण्याची एक युक्तीच होय. तोच दिवस, तोच पदार्थ, तेंच गाणें दर वर्षीं परत येतें. त्यामुळें एका वर्षावर दुसरें वर्ष रचलें जाऊन सर्व वर्षांचा मिळून एकच सण मनांत तयार होतो. गंधाचें सामर्थ्य तर विशेष आहे, कारण गंधाची वार्ता मेंदूंतील भावना व स्मृति यांच्या केंद्रांकडे इतर संवेदनांपेक्षां जवळच्या वाटेनें पोहोंचते. उटण्याचा वास आला कीं ज्यास पहांटेचें अभ्यंगस्नान आणि आजीचा हात आठवतो, त्यास हें पटवून देण्याची गरज नाहीं. गतकालाची ओढ हा रोग नसून एकटेपणावरचा उतारा आहे, असेंहि अलीकडील संशोधन सांगतें. एकाकी वाटलें कीं माणूस जुन्या आठवणींकडे वळतो, आणि आपण कोणाचे तरी आहों या जाणिवेनें त्यास धीर येतो.

परंतु या उताऱ्यांत एक दोष आहे. तो जितकें आठवतो तितकेंच विसरवितो. वळिवड्यांतलें बालपण मुलांस सुखाचें वाटलें. त्याच खोलींत त्यांच्या आया लढाईवरून येणाऱ्या पत्रांची वाट पाहत बसल्या होत्या. अमेरिकेच्या आठवणींतहि असेंच घडलें आहे. फ्रँक काप्रा यांचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा चित्रपट आज त्या काळच्या जिव्हाळ्याचें प्रतीक मानला जातो. पण १९४६ च्या डिसेंबरांत तो प्रथम दाखविला गेला तेव्हां त्याचा खर्चहि निघाला नाहीं. १९७४ सालीं त्याच्या मालकी हक्काचें नूतनीकरण करावयाचें राहून गेलें, दूरचित्रवाणी केंद्रांस तो फुकट दाखवितां येऊं लागला, आणि दर नाताळास पाहून पाहून लोकांस तो आपल्या लहानपणाचा वाटूं लागला. म्हणजे गतकालाचा कांहीं भाग मागाहून घडविला जातो. त्यांत काय गाळलें जातें तेंहि पाहिलें पाहिजे. १ डिसेंबर १९५५ रोजीं अलाबामा संस्थानांतील मॉन्टगोमेरी शहरीं रोझा पार्क्स यांस गोऱ्या उतारूसाठीं बसमधील जागा सोडण्याचें नाकारल्याबद्दल अटक झाली. दुकानांतून नाताळचीं गाणीं वाजत होतीं त्याच दिवसांत त्या शहरांतील हजारों काळे लोक बसवर बहिष्कार टाकून पायीं कामावर जात होते. बर्फाच्छादित घराच्या त्या गोड चित्रांत त्यांस जागा नव्हती.

कोल्हापूरकरांसहि या आरशांत आपलें तोंड पाहतां येईल. दिवाळीच्या पहांटे शहरोशहरीं होणाऱ्या संगीताच्या मैफलींत जुन्या चित्रपटांतलीं आणि भावगीतांतलीं गाणींच बहुधा आळविलीं जातात. १९१९ सालीं कोल्हापुरांतच जन्मलेल्या सुधीर फडके यांचें एखादें गाणें त्यांत आलें कीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें चित्रनगरी कोल्हापूरचें वैभव उभें राहतें: बाबुराव पेंटर, १९२९ सालीं येथें स्थापन झालेली प्रभात कंपनी, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. हें वैभव खरें होतें. परंतु १९४८ च्या प्रारंभीं गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळींत तोच जयप्रभा स्टुडिओ भस्मसात् झाला, हेंहि तितकेंच खरें आहे. भालजींनीं तो पुन्हां उभारला आणि पुढें १९६५ सालीं 'साधी माणसं'सारखा चित्रपट दिला. जळालेल्या स्टुडिओची आठवण ठेविल्यानें त्या वैभवास उणेपणा येत नाहीं. उलट पुन्हां उभारणाराची थोरवी कळते.

पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहींत. फाळणीमुळें सिंध सोडून आलेल्या कुटुंबांस तेथें वसविण्यांत आलें, आणि त्या वस्तीचें गांधीनगर झालें. आज तेथें कापडाची मोठी बाजारपेठ आहे. कोल्हापूरचीं कितीतरी कुटुंबें दिवाळीचे कपडे घेण्यास तेथेंच जातात. ज्या जमिनीवर एका निर्वासित समाजानें घरच्या नाताळची आठवण जागविली, त्याच जमिनीवर दुसऱ्या निर्वासित समाजानें दुकानें थाटलीं. या सिंधी कुटुंबांचेंहि मूळ गांव सीमेपलीकडे राहिलें आहे.

तेव्हां गतकालाची ओढ बरी कीं वाईट, हा प्रश्न त्या ओढीनें माणूस काय करतो यावरून सोडवावा लागतो. जुन्या काळाचें चित्र जेव्हां आपल्यापुरतें दार लावून घेतें, तेव्हां तें खोटें पडतें; जेव्हां उण्या असलेल्या माणसाची जागा राखतें, तेव्हां खरें ठरतें. वळिवड्याच्या नाताळांत बर्फ नव्हतें, घर नव्हतें, पुष्कळांस परतण्याजोगें गांवहि उरलें नव्हतें. पण पहिली चांदणी दिसेपर्यंत थांबण्याची आणि एक पान जास्त मांडण्याची रीत त्या लोकांनीं सैबेरियाहून इराणमार्गें पंचगंगेच्या कांठीं आणली, आणि तेथून पुढें ती इंग्लंड-अमेरिकेंत नेली. गेलेल्या काळांतून बरोबर नेण्याजोगें असें जें कांहीं असतें, तें बहुधा एवढेंच असतें. आणि तें पुष्कळ असतें.